इंग्रजी येते, पासपोर्ट आडवा येतो

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायची नोकरी धरायची तर ई-२ नावाचा व्हिसा लागतो. त्यासाठी अर्जदार सात देशांपैकी एकाचा नागरिक असावा लागतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनचे नियमही साधारण याच वळणाचे. अर्जदाराला इंग्रजी किती येते, तो किती चांगले शिकवतो, हे नंतर पाहिले जाते. आधी पासपोर्टचे मुखपृष्ठ.

या यादीतले सातवे नाव महाडकरांनी जरा थांबून वाचावे असे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या जनगणनेत घरात इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे. त्याच देशातल्या केपटाउन शहरात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रायगड-रत्नागिरीच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी गलबता-बोटींनी गेलेली ही माणसे. त्यांच्या पणतवंडांपैकी एखाद्याची शाळा-कॉलेज इंग्रजीतून झाली असेल, तर तो उद्या सोलच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून उभा राहू शकतो. त्याच्याच भावकीतला, इकडे सावित्रीच्या काठी वाढलेला, मुंबई विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला तरुण मात्र त्या रांगेत उभाही राहू शकत नाही.

अगदीच दार बंद आहे असेही नाही. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांसाठी एक फट ठेवलेली आहे: पदवी आणि इंग्रजी शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येते. ही वाट कागदावर आहे. पण भरती करणाऱ्यांची नजर सवयीने त्या सात देशांकडेच वळते, आणि या फटीवर भरवसा ठेवून कोणी हातची नोकरी सोडू नये.

महाड आणि पोलादपूरच्या तरुणांना हा प्रश्न का पडावा, हे वेगळे सांगायला नको. महाडात औद्योगिक वसाहत आहे, पण रसायनांच्या कारखान्यात इंग्रजी साहित्याच्या पदवीधराला काय काम? पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतला माणूस पूर्वीपासून मुंबईला जातो, सुट्टीत आणि गणपतीला येतो. डी.एड., बी.एड. झालेल्यांसाठी टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टल आहे, आणि या सगळ्यातून पार पडून नेमणूक मिळालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. २०२३ मध्ये वाढ होऊन त्याचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी ते सहा ते नऊ हजारांच्या घरात होते. विनाअनुदानित शाळेत तर तेही हाती पडेल याची खात्री नसते. अशा वेळी ‘परदेशात इंग्रजी शिकवा, राहणे आणि तिकीट मोफत’ असा निरोप मोबाइलवर आला की माणूस तो दोनदा वाचतोच.

इंग्रजी हा दरवाजा आहे आणि त्यावर कोणीतरी पहारा देत बसलेले असते, हा अनुभव महाडला नवा नाही. जवळच्या लाडवलीत १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी लहान वयात शिष्यवृत्तीची परीक्षा पास केली होती. तरीही महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रात बोभाटा झाला, सरकारी अनुदानाचा प्रश्न निघाला, तेव्हा कुठे शाळेने त्यांना घेतले. बसायचे मात्र वर्गाबाहेर, खिडकीपाशी. हेच मोरे पुढे १९२७ च्या मार्चमध्ये महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रमुख आयोजकांपैकी एक झाले. त्या परिषदेतूनच लोक चवदार तळ्यावर गेले. मोऱ्यांना अडवणारा जातीचा पहारा आणि आजचा पासपोर्टचा पहारा एका तोलाचे नाहीत, ते तसे मांडूही नयेत. पण गुणवत्ता सिद्ध झाल्यावरही जन्माचा दाखला विचारणारी व्यवस्था कशी असते, हे या गावाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

मराठी माणूस परदेशात शिकवायला गेला, त्याची जुनी उदाहरणे पाहिली तर एक गंमत दिसते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. इंग्रजी त्या तिथे शिकत होत्या. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, ते शेतीशास्त्र. दोघांनीही आपल्याजवळ जे होते आणि तिथे कमी होते तेच नेले. आजच्या जगातही भारतीय शिक्षकांची मागणी बरीचशी याच हिशेबाने चालते.

ब्रिटनचेच बघा. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना इंग्लंडमधला शिक्षकाचा दर्जा थेट मागता येऊ लागला. पण कोणत्या विषयांना? गणित, विज्ञान आणि भाषा. त्याच सुमारास परदेशी शिक्षकांना स्थलांतरासाठी १०,००० पौंड देण्याची जी योजना निघाली, ती भौतिकशास्त्र आणि भाषा शिकवणाऱ्यांसाठी होती, आणि भाषांतून इंग्रजी स्पष्टपणे वगळलेली होती. म्हणजे पोलादपूरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तिथे अर्ज करू शकतात. त्यांच्या शेजारच्या वर्गावर इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी त्याच रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही. बी.एस्सी. की बी.ए. हे बारावीनंतर ठरवताना ही गोष्ट कोणी कानावर घालत नाही.

इंग्रजीवाल्यांसाठी खरा, भरवशाचा रस्ता आखातातून जातो, आणि तो कोकणाला पायाखालचा आहे. फक्त आजवर त्यावरून चालक, तंत्रज्ञ, दुकानदार गेले. आखातात भारतीयांनी भारतीय मुलांसाठी काढलेल्या शाळा आहेत: बहरीनची इंडियन स्कूल १९५० ची, कुवेतची इंडियन कम्युनिटी स्कूल १९५९ ची, मस्कतची इंडियन स्कूल १९७५ ची. सीबीएसईशी संलग्न शाळा आज भारताबाहेर वीसहून अधिक देशांत आहेत. तिथे ‘जन्मजात इंग्रजी भाषक’ असण्याची अट नसते. पदवी, बी.एड. आणि अनुभव बघतात. अभ्यासक्रम ओळखीचा, मुले ओळखीची, डब्यात भेंडीची भाजीसुद्धा ओळखीची. यांतल्या बऱ्याच शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे भरतीची धांदल डिसेंबर ते मार्चमध्ये असते. मे महिन्यात अर्ज करणारा उमेदवार तिथे उशिरा पोचलेला असतो.

आखाताच्या पलीकडेही भारतीय शिक्षकांचा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः केरळी माणसांनी लिहिला आहे. सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांवर भारतीय मास्तर इंग्रजीतून शिकवत होते. भूतानने १९६० च्या दशकात आधुनिक शाळा काढल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या, आणि सुरुवातीचे पुष्कळ शिक्षक भारतातून गेले. मालदीवमध्ये आजही हेच चित्र आहे. एका बेटावर एक शाळा, बाजूला समुद्र, आणि शिक्षकांच्या खोलीत बरेच लोक दक्षिण भारतीय. केरळची माणसे एकमेकांना हात देत गेली. एक गेला की त्याने मेहुणीला बोलावले, तिने मैत्रिणीला. कोकणातून मुंबईला गिरणीत भरती अशीच होत असे. शिक्षकांच्या बाबतीत मात्र ही साखळी आपल्याकडे जुळली नाही.

पूर्वेकडे थायलंड हा मधला मार्ग आहे. तिथे सात देशांची सक्ती नाही, फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून पदवी आणि परीक्षेचे गुण मागतात, बहुधा टोइकचे ६०० च्या आसपास. शिकवण्याचा परवाना तिथल्या शिक्षक परिषदेकडून घ्यावा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन ‘मग बघू’ हा प्रकार बेकायदा आहे, आणि पकडले गेल्यावर शाळा हात वर करते.

आता कागदांविषयी, कारण बहुतेकांचे गाडे इथेच रुतते.

परदेशी शाळेला नुसती झेरॉक्स चालत नाही. पदवीवर आधी राज्य शासनाची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया यांसारख्या करारातल्या देशांना ही दुसरी मोहोर पुरते. संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत या करारात नाहीत, म्हणून तिथे जाणाऱ्याला त्या देशाच्या वकिलातीचा तिसरा शिक्का घ्यावा लागतो. पदवी, बी.एड., लग्नाचा दाखला, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, प्रत्येकाची वारी निराळी. दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीला समकक्षता देताना काही देश खळखळ करतात. पोलादपूरसारख्या तालुक्यात नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्यांपैकी अनेकजण दूरशिक्षणाचेच विद्यार्थी असतात, हे लक्षात घेतले तर ही अट किती जणांना लागते ते कळेल.

महाडकरांची आणखी एक अडचण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात अर्धेअधिक शहर पाण्यात गेले. तळमजल्यावरच्या कपाटांतल्या फायली चिखलात गेल्या. कागद वाळवले तरी शाई पसरलेली, मोहोर पुसलेली. असे प्रमाणपत्र शिक्क्यासाठी कोणी स्वीकारत नाही. दहावी-बारावीची दुय्यम प्रत वाशीच्या विभागीय मंडळातून आणि पदवीची मुंबई विद्यापीठातून काढून आणायची, आणि मगच शिक्क्यांच्या रांगेला लागायचे. ज्याच्या डोक्यात बाहेर जाण्याचा विचार घोळतो आहे, त्याने नोकरी शोधण्याआधी हे काम उरकावे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या त्या चार खेपा नंतर नोकरीच्या मुदतीत बसत नाहीत.

कागद जमले की मुलाखत, आणि मुलाखतीत डेमो, म्हणजे नमुन्याचा पाठ. समोर कॅमेरा, वीस मिनिटे, ‘यूज्ड टु’ शिकवा. आपल्याकडचा शिक्षक इथे हमखास एक गोष्ट करतो: फळ्यावर नियम लिहितो, दोन उदाहरणे देतो आणि विचारतो, ‘समजलं का?’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. परीक्षक इथेच गुण कापतो. त्याला हवे असते ते असे. वाक्य द्यायचे, ‘आय यूज्ड टु लिव्ह इन पोलादपूर’. मग विचारायचे: तो आता पोलादपुरात राहतो का? पूर्वी राहत होता का? एकच रात्र राहिला, की बराच काळ? तीन छोटे प्रश्न, आणि मुलाला अर्थ लागला की नाही ते उत्तरातूनच कळते. मुलांना बोलते ठेवायचे, स्वतः कमी बोलायचे. ऐकायला साधे आहे. पण चाळीस मिनिटे एकट्याने बोलायची सवय लागलेल्या माणसाला ते जमायला काही महिने जातात.

हे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत केंब्रिजचा सेल्टा जगभर मानला जातो. १२० तासांच्या त्या अभ्यासक्रमात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावे लागते आणि परीक्षक मागे बसून टिपणे काढतो. तो महाग आहे. बाजारात ‘१२० तासांचा टेफल’ शनिवार-रविवारच्या जेवणाच्या खर्चातही मिळतो, पण त्यात एकही मूल समोर येत नाही आणि चांगल्या शाळा त्याला त्याच भावात मोजतात. उच्चारांची धास्ती मात्र गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. ‘वेस्ट’ म्हणताना पश्चिम दिशा की बनियन, हा घोळ मराठी जिभेचा होतो खरा, आणि तो सुधारायला हवा. पण आयईएलटीएससारख्या परीक्षेत मराठी ढंगाचे गुण कापत नाहीत. समोरच्याला तुमचे बोलणे विनासायास कळते का, हे पाहतात.

दलालांची गोष्ट टाळून चालणार नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावती देऊन. दोन-तीन लाख ‘व्हिसाचे’ मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी कायद्याच्या बाहेर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले जात असल्याचा इशारा दिला होता. त्या जाहिराती डिजिटल विक्रीच्या होत्या, शिकवण्याच्या नव्हत्या. पण सापळा तोच: मोठा पगार, फोनवर पाच मिनिटांची मुलाखत, ताबडतोब तिकीट. कुठलीही खरी शाळा डेमो न घेता शिक्षक नेमत नाही.

आणि अनुभवाचा दाखला. आखातातल्या बहुतेक चांगल्या शाळा दोन वर्षांचा अनुभव मागतात. महाड-पोलादपुरात खासगी शाळांतून हंगामी शिकवणारे कितीतरी जण हा अनुभव कमावतात, पण शाळा सोडताना त्यांच्या हाती पडतो तो ‘वर्तणूक चांगली आहे’ असा दोन ओळींचा कागद. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शिकवलेल्या इयत्ता, विषय, आठवड्याचे तास आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा, शिवाय पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी. रोख पगार घेणाऱ्यांनी निदान पुढच्या वर्षापासून तो खात्यात मागून घ्यावा.