मूठभर धान्य आणि श्रमाचा वाटा

रयत शिक्षण संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी तिची स्थापना केली, १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली, १९२७ मध्ये तेथील वसतिगृहाला महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले आणि १९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. परंतु ज्यांच्या घरी दोन वेळच्या भाकरीचीच भ्रांत होती अशी मुले पदवीपर्यंत कशी पोचली, हे समजण्यासाठी वसतिगृहाच्या कोठाराची व्यवस्था पाहावी लागते.

या व्यवस्थेचा एक आधार म्हणजे मुष्टिफंड. गावातील स्त्रियांनी दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते बोर्डिंगातील मुलांनी घरोघर जाऊन गोळा करावे, अशी ही रीत होती. रोख देणगी ज्यांच्या आवाक्याबाहेर होती अशी कुटुंबेही त्यामुळे दात्यांच्या पंगतीत आली. दुसरा आधार ‘कमवा आणि शिका’ हा, म्हणजे विद्यार्थ्याने शेतात, बागेत किंवा बांधकामावर राबून आपल्या शिक्षणाचा काही भार स्वतः उचलण्याचा. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. हा संसार चालवताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही मोडले. घेणाऱ्याची मान ताठ राहील अशा रीतीने दान देता येते, हे या व्यवस्थेने दाखवून दिले आणि तिचे खरे मोठेपण त्यातच आहे.

आज ‘कमवा आणि शिका’ हीच कल्पना विद्यापीठांतून चालते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना तर कर्मवीरांच्याच नावाने आहे, आणि तीत विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काही तास काम करून मानधन मिळवतात. मात्र खर्चाचे स्वरूप आता पालटले आहे. मुख्य गरज अन्नाची होती तोवर शेतातले श्रम तिला पुरे पडत; अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाचे शुल्क फावल्या वेळातील मानधनातून भरून निघणे शक्य नाही. शासनाची शिष्यवृत्ती शुल्काचा मोठा भाग उचलते, पण ती बहुधा उशिरा हाती येते. प्रवेशाच्या वेळचे पैसे, खोलीची अनामत रक्कम, खाणावळीचे पहिले बिल आणि पुस्तके यांना मात्र थांबता येत नाही. या पहिल्या काही महिन्यांत घरची एखादी शेळी किंवा दागिना विकला जातो, सावकाराचे कर्ज निघते, नाहीतर मिळालेली जागा सोडून द्यावी लागते. कामाचे तास वाढवावेत, तर प्रात्यक्षिके आणि अभ्यास मागे पडतात.

म्हणून धर्मादाय मदतीचा विचार करणाऱ्यांनी रकमेइतकेच वेळेकडेही लक्ष दिले पाहिजे. निकालानंतर होणाऱ्या सत्काराच्या पाकिटापेक्षा प्रवेशाच्या आठवड्यात हाती पडलेली, पुढे सोयीने परत करता येणारी छोटी रक्कम विद्यार्थ्याला अधिक तारून नेते. कर्मवीरांचे कोठार रोजच्या भुकेच्या वेळी उघडे असे; आजच्या दात्यांचा निधीही गरजेच्या त्या नेमक्या दिवशी खुला असला पाहिजे.