सांगितलेलं कुणाकुणाला कळतं?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना पाय अडखळतात ते बहुतेकदा एकाच धास्तीने: आपलं बोलणं बाहेर गेलं तर? या धास्तीभोवती गैरसमजही बरेच आहेत.

गैरसमज: फी आम्ही भरतो, मग मुलगी काय बोलली ते आम्हाला कळायलाच हवं.

वस्तुस्थिती: फी भरल्याने तो हक्क मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं. सज्ञान मुलीला न विचारता तिचं बोलणं आई-वडिलांपुढे मांडणं हा त्या हक्काचा भंग आहे. कायद्याने मानलेल्या नामनिर्देशित प्रतिनिधीला माहिती देता येते, पण त्याची जबाबदारी पार पाडण्यापुरतीच.

गैरसमज: गोपनीयता म्हणजे काहीही झालं तरी मौन.

वस्तुस्थिती: १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थ्याने, आपण एका तरुणीला मारणार असल्याचं आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. तरुणीला मात्र कुणीच सावध केलं नाही आणि तिचा खून झाला. ‘टॅरासॉफ खटला’ म्हणून गाजलेल्या या प्रकरणात १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की धोक्यातल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. आपल्याकडेही कलम २३ मध्ये अपवाद आहेत: दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. शिवाय १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं.

गैरसमज: उपचारक ओळखीतला असला की मोकळं बोलता येतं.

वस्तुस्थिती: ज्याची गाठ पुढच्या महिन्यात लग्नकार्यात पडणार, त्याच्यापुढे माणूस नेमकी सांगायची गोष्टच गाळतो. उपचारकालाही तटस्थ राहणं जड जातं. म्हणून त्याने नातलगाला किंवा मित्राला दुसऱ्याकडे पाठवलं, तर तो तुसडेपणा नसतो.

गैरसमज: नाव वगळलं की कुणाचीही केस संशोधनात वापरता येते.

वस्तुस्थिती: गाव, नोकरी, घरातली एखादी घटना एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. शिवाय प्रश्न फक्त ओळखीचा नाही, माणसाच्या हिताचा आणि संमतीचाही आहे. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वॉटसन आणि रेनर यांनी ‘लिटल अल्बर्ट’ या तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती न घालवताच प्रयोग संपला. आज नैतिकता समिती असा प्रस्ताव दारातूनच परत पाठवेल. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची संशोधनासाठी समजून-उमजून दिलेली संमती लागते आणि ती कधीही मागे घेता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या परवानगीबरोबर ७ वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

पहिल्याच भेटीत विचारा: नोंदी कुठे ठेवता? कुणाला दाखवता? कोणत्या प्रसंगी गप्प राहणार नाही? भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? चांगला उपचारक यातलं बरंचसं न विचारताच सांगतो.