ताऱ्याचा सातबारा

पोरांनो, गादीवर आडवे व्हा आणि हर्सूलच्या दिशेला बघा. मे महिना, रात्रीचे साडेदहा, म्हणजे अभिजित वर आला असणार. तो बघा, निळसर पांढरा! त्याच्याजवळच, स्वरमंडलातल्या दोन फिकट ताऱ्यांच्या मधे, दुर्बिणीतून धुराचं इवलंसं कडं दिसतं. मध्यम वजनाचा एक तारा म्हातारा झाला आणि अंगावरचा वायू त्यानं आभाळात सोडून दिला, त्याचं ते कडं. त्याला म्हणतात ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्याचं नातं काही नाही. हर्शेलला असे मेघ ग्रहाच्या बिंबासारखे दिसले, एवढंच.

त्यात काय काय आहे, हे इतक्या लांबून कसं कळलं? 29 ऑगस्ट 1864 ला लंडनमध्ये विल्यम हगिन्सनं कालेय तारकासमूहातल्या अशाच एका मेघाचा प्रकाश लोलकातून नेला. इंद्रधनुष्यी पट्टा उमटलाच नाही, मोजक्या रेघा उमटल्या. सगळ्यांत ठळक हिरवी, आणि ती ओळखीच्या कुठल्याच पदार्थाची नव्हती. मग नवं मूलद्रव्यच मानलं, नाव ठेवलं नेब्युलियम. अखेर 1927 मध्ये आयरा बोवेननं उलगडा केला: तो आपला ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तिथला वायू इतका विरळ, की त्या अणूला अर्धा मिनिट कुणाचा धक्का न लागता राहता येतं, आणि मग तो निवांत हिरवा उजेड सोडतो. इथल्या हवेत एवढी उसंत कुठली! कितीदा सांगितली तरी ही गोष्ट मला शिळी वाटत नाही.

वायूचं तापमान कळलं, की रेघेच्या ठळकपणावरून अणूंची मोजदाद होते. हायड्रोजनचे दहा, तर हेलियमचा साधारण एक. ऑक्सिजन दहा हजारांमागे चार-पाच. आपल्या शेताच्या कागदात कसं, वडिलोपार्जित वेगळं, स्वकष्टार्जित वेगळं? तसंच इथं. ऑक्सिजन बहुतेक वडिलोपार्जित, आधीच्या भारी ताऱ्यांनी स्फोटात उधळलेला. परवा वेरूळला कैलासाच्या काळ्या कातळाला हात लावलात ना, त्याच्या वजनातही पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास तोच. कार्बन मात्र पुष्कळदा स्वकष्टाचा: सूर्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा तारा म्हातारपणी हेलियमचे तीन-तीन गाभे जुळवून तो घडवतो, आणि आतली उकळी तो वर आणते. तुझ्या हातातल्या केशर आंब्याच्या गोडीत तसलाच कार्बन आहे.

आणि आपला सूर्य काय ठेवील म्हणतेस? तो त्यामानानं हलका. पाच अब्ज वर्षांनी जाताना थोडा नायट्रोजन, थोडं हेलियम जास्तीचं ठेवील. बाकी मिळालेलं तसंच पुढं देईल.