रक्ताचा अभ्यास, सेवाग्रामहून

विदर्भात सिकलसेल हा नुसता पुस्तकातला आजार नाही, त्याचे रुग्ण ओपीडीत समोर येतात. मध्य भारतातली त्याची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. त्यामुळे इथल्या डॉक्टरला संशोधनाचा विषय शोधत फिरावं लागत नाही.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) पॅथॉलॉजीचं तीन वर्षांचं एमडी करता येतं. रक्ततपासणीचा पाया तिथेच पक्का होतो. सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीत नळीतलं द्रावण गढूळलं, पाठीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, की शंका घ्यायची. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ठरवतं.

उपचारांकडे ओढा असेल, तर मेडिसिन किंवा बालरोगात एमडी, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा आणि रक्तविकारांतलं तीन वर्षांचं डीएम. त्यासाठी मात्र बहुधा मोठं शहर गाठावं लागतं.