दगडाचा जन्मदाखला

देगलूरकडं विद्यार्थ्यांची सहल नेली की एक प्रश्न ठरलेला असतो. हातोड्या आणि भिंगं बघून शेतकरी गोळा होतात आणि कुणीतरी विचारतंच, "सर, सोनंबिनं घावलं का?" एकदा मी एका म्हाताऱ्यांना म्हणालो, "नाही मामा, ह्या दगडाच्या जन्माचा दाखला शोधतोय." मामा खळखळून हसले. "आमच्याच जन्माचा दाखला नाही, दगडाचा कुठला घावायचा?"

मामांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. आमचा सगळा धंदा दाखल्याचाच, आणि मराठवाड्यात तो दाखला काळ्या पाषाणाखाली, बेसाल्टखाली दडलेला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर ओतले गेले. लातूर जिल्हा जवळपास अख्खा त्याच गोधडीखाली आहे. नांदेडच्या पूर्वेकडं, देगलूर-बिलोली-किनवटच्या बाजूला मात्र गोधडीची कड उचलली जाते आणि खालचे गुलाबी-करडे ग्रॅनाइट, पट्ट्यापट्ट्यांचे नाइस उघडे पडतात. म्हणून आमच्या सहली त्या कडेकडं.

आमच्याकडं बोअर मारणाऱ्यांचंही वर्गीकरण असतं: मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा कातळ. वर येणाऱ्या गाळाचा रंग बघून ते थर सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. पण त्यांचा प्रश्न पाण्याचा. आमचा प्रश्न असा, की हा दगड दगड होण्याआधी काय होता?

रूपांतरित खडकांत हे फार अवघड जातं. चिखलाचा सुभाजा होतो, वाळूचा क्वार्टझाइट, चुनखडीचा संगमरवर. इथवर ठीक. पण उष्णता आणि दाब आणखी वाढला की चिखलाचाही नाइस होतो आणि ग्रॅनाइटचाही. दोघं शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत. मग पुरावे गोळा करायचे. सिलिमनाइट, गार्नेट भरपूर दिसले तर बाप चिखल असावा. झिरकॉनचे कण घासून गोल झालेले असले तर ते कुठल्यातरी नदीतून वाहत आले असावेत. एका पुराव्यावर निकाल नाही.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या रूपांतरित खडकांना नावं मिळाली ती तिथल्या लोकांवरून आणि गावांवरून. मॅंगनीज शोधता शोधता फर्मोर या भूवैज्ञानिकानं तिथल्या खडकांचा अभ्यास केला, एका मॅंगनीजयुक्त खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' म्हटलं. पुढं सौसर गटाच्या थरांना सीतासावंगी, मनसर, चोरबावली अशी नावं मिळाली. थरांचा क्रम लावणं मात्र नावं देण्याइतकं सोपं नव्हतं. वेस्ट या दुसऱ्या भूवैज्ञानिकानं 1936 मध्ये देवलापारच्या परिसराबद्दल लिहिलं, की तिथं खडकांची अख्खी चादर दुमडून, सरकून दुसऱ्या थरांवर जाऊन बसली आहे. म्हणजे वरचा तो नवा आणि खालचा तो जुना, हा आमचा पहिला धडाच तिथं चालत नाही.

हे वाचताना मला माझीच फजिती आठवते. शिकत असताना गाभ्याचे, म्हणजे ड्रिलनं काढलेल्या दांडक्यांचे तुकडे भरलेली पेटी माझ्या हातून सांडली. पाण्यानं भिजवलेल्या तुकड्यांवरचे 'वर' दाखवणारे खडूचे बाण पुसले गेले. सर काही बोलले नाहीत, फक्त समोर खुर्ची ठेवून बसले. संध्याकाळपर्यंत मी एकेका तुकड्याची तुटकी कड दुसऱ्याला जुळवत होतो. त्या दिवशी कळलं, दगड हरवला तर चालतो, क्रम हरवला की दगड मुका होतो.

क्रमाचं मोल सगळ्यात जास्त कळलं ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत, भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. सुमारे 10 हजार माणसं गेली. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता.

नंतर तिथं केएलआर-1 हे 617 मीटर खोल भोक घेतलं गेलं. दक्षिणेला कलबुर्गीकडं भीमा खोऱ्यातले जुने चुनखडक आणि शेल लाव्हाच्या गोधडीच्या कडेला दिसतात. ते किल्लारीखालीही असतील का? गाभ्यानं उत्तर दिलं: 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा 8 मीटर गाळ आणि मग थेट रूपांतरित पायाखडक. भीमेचे खडक तिथं नव्हतेच. पायाखडकही साधा नव्हता. अँफिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट दर्जाचा, म्हणजे कित्येक किलोमीटर खोल भाजलेला खडक. एवढा खोलचा दगड इतक्या वर आला, म्हणजे त्याच्यावरचं कित्येक किलोमीटरचं छप्पर लाव्हा येण्याआधीच झिजून गेलं होतं. कोयनेजवळच्या खोल भोकात तर 1247 मीटर बेसाल्टनंतर लगेच ग्रॅनाइटी पाया लागला, मधे गाळ नाहीच. किल्लारीचे ते 8 मीटर म्हणूनच मला मोलाचे वाटतात. लाव्हा येण्याआधी इथं उघडी जमीन होती, पाणी वाहत होतं, एवढं तरी ते सांगतात.

म्हणून विद्यार्थ्यांना माझा एक नियम असतो. जागा, तारीख, थराचा कल हे शाईनं लिहा. खडकाचं नाव पेन्सिलीनं. शाईनं रंगवलेल्या नकाशातला तो निर्धोक पट्टाही 2002 मध्ये रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

पुढच्या वर्षी देगलूरच्या त्याच वाटेवर मामा भेटले. दुरूनच ओरडले, "सर, घावला का दाखला?"

म्हटलं, "अर्धाच, मामा. गाव कळलं, बाप अजून कळला नाही."