उष्णतेनें रंग पालटणारा प्रकाश

लोहाराच्या भट्टींत लोखंड तापूं लागलें म्हणजे तें आधीं लाल, मग पिवळें आणि शेवटीं पांढरें दिसतें. उष्णता वाढेल तसा प्रकाश अधिक शक्तीच्या रंगाकडे सरकतो, असें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. त्याच्या नेमका उलट वागणारा एक पदार्थ आहे. तो मुलांना सांगावयाचा राहून गेला, म्हणून आज आपणांस सांगतों.

तांबें, आयोडीन व पिरिडीन नांवाचें उग्र वासाचें द्रव यांच्या संयोगानें तो बनतो. तांब्याचे चार व आयोडीनचे चार परमाणु एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकाआड एक बसतात. प्रत्येक तांब्याला बाहेरून पिरिडीनचा एक रेणु बिलगलेला असतो. ह्या परमाणुपुंजांच्या भुकटीवर, नोटा पारखण्याच्या दिव्यांतून निघतात तसे जंबुपार किरण टाकले कीं ती पिवळी उजळते. तीच भुकटी द्रवरूप नायट्रोजनांत, म्हणजे शून्याखालीं १९६ अंशांवर, नेली तर प्रकाश निळा-जांभळा होतो! हें द्रव तसें अपूर्व नव्हे. गुरांच्या दवाखान्यांत वळूचें बीज त्यांतच राखतात. आमच्या वर्धा जिल्ह्यांत आर्वीकडे गवळाऊ गाई पाळणाऱ्यांनीं झांकण काढतांच उसळणारा धुक्याचा लोट पाहिला असेल.

असें कां व्हावें? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील पीटर फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचा उलगडा केला. किरण शोषतांच पुंजांतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. अशा पायऱ्या दोन आहेत. एकींत तो आयोडीनकडून पिरिडीनकडे गेलेला असतो. तेथून परततांना निळा प्रकाश पडतो. दुसरींत तांब्याचे परमाणु परस्परांजवळ ओढले जातात. ह्या हालचालींत कांहीं शक्ति खर्चीं पडते आणि उरलेल्या शक्तीचा प्रकाश पिवळा असतो. पहिलींतून दुसरींत जावयास मध्यें एक उंबरठा आहे. ऊब असेल तर परमाणूंच्या स्पंदनानें तो ओलांडला जातो. कडाक्याच्या थंडींत ओलांडवत नाहीं. भट्टींतील लोखंडाला प्रकाश उष्णताच देते. येथें प्रकाशाची शक्ति किरणांची आहे. उष्णता फक्त वाट उघडते.

अशा पदार्थाच्या रंगावरून, त्यास स्पर्श न करितां, उष्णमान ओळखतां येतें. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत बूमीशंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं तांब्याचे सहा व आयोडीनचे सहा परमाणु असलेल्या पुंजांच्या जाळीदार स्फटिकांवरील संशोधन प्रसिद्ध केलें. त्यांचा प्रकाश उष्णतेनें पालटतो, तसाच खलांत घोटल्यानेंहि पालटतो.