मेगरचा आकडा आणि नागपूरचा मे महिना

मागच्या भागात रोहित्राच्या तेलाची चाचणी पाहिली. या वेळी कॉइलवरच्या कागदाकडे वळू. तेलात मुरलेला हा कागद ११ केव्हीची (एचटी) बाजू ४३३ व्होल्टच्या (एलटी) बाजूपासून आणि लोखंडी टाकीपासून अलग ठेवतो. तो धड आहे की नाही, हे बघायला मेगर लावतात. सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये असं पहिलं उपकरण बनवलं. हँडल फिरवायचा मेगर आता मागे पडला, बटणाचा आला. तत्त्व तेच राहिलं. डीसी दाब द्यायचा, गळणारा प्रवाह मोजायचा आणि त्यावरून रोध मेगोहममध्ये वाचायचा.

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातली शेतातली डीपी, म्हणजे खांबावरचं रोहित्र घ्या. परमिट घेऊन एबी स्विच उघडायचा, डीओ फ्यूज काढायचे, लाइन मेली आहे याची खात्री करून ती अर्थ करायची. दोन्ही बाजूंचे जंपर सोडवायचे. मग बुशिंग कोरड्या फडक्याने पुसायची. हे काम अनेक जण उरकून टाकतात. पण बुशिंगवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कोराडी-खापरखेड्याकडे वीजकेंद्रांच्या राखेचा थर, यांवर दमट हवा बसली की प्रवाह पोर्सिलीनच्या पृष्ठभागावरूनच निसटतो आणि आतला चांगला कागद उगाच बदनाम होतो. त्यानंतर एचटीची तिन्ही टोकं तारेने जोडायची, एलटीची तिन्ही टोकं न्यूट्रलसकट जोडायची. न्यूट्रलच्या अर्थिंगची पट्टी सोडवायला विसरलात, तर एलटी ते टाकी या मापनात मेगर सरळ शून्य दाखवतो. एवढ्या एका पट्टीपायी धडधाकट रोहित्र वर्कशॉपला जाऊ शकतं.

एचटीसाठी २५०० किंवा ५००० व्होल्ट, एलटीसाठी ५०० किंवा १००० व्होल्टचा मेगर लावतात. एचटी ते टाकी, एलटी ते टाकी आणि एचटी ते एलटी अशी तीन मापनं होतात. आकडा सुरुवातीला चढत जातो, कारण कागदाला विद्युतभार घेऊन स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून नोंद पूर्ण एका मिनिटानंतरची धरायची. दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या आकड्यांचं गुणोत्तरही काढतात, पण ते मोटारीसाठी जितकं भरवशाचं, तितकं तेलातल्या रोहित्रासाठी नाही. मापन झाल्यावर कॉइल डिस्चार्ज केल्याशिवाय टोकाला हात लावायचा नाही. आत साठलेला भार जिवावर बेतू शकतो.

आता आकड्याबद्दल. तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा रोध साधारण निम्मा होतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. भर दुपारी लोडवरून काढलेल्या रोहित्राच्या टाकीवर हात ठेववत नाही. अशा वेळी तेल ६० अंशांवर असेल आणि मेगर ६० मेगोहम दाखवत असेल, तर तेच रोहित्र जानेवारीच्या पहाटे २० अंशांवर ९६० च्या आसपास दाखवेल. शेजारच्या डीपीने त्याच पहाटे २०० दाखवले, तर ती ६० अंशांवर साडेबारावर येईल. म्हणजे कागदावर २०० लिहिलेली डीपी ६० वालीपेक्षा कितीतरी कमजोर! माझं ठाम मत आहे की तेलाचं तापमान न लिहिलेली मेगरची नोंद रजिस्टरमध्ये घेऊच नये. आणि नुसता आजचा आकडा पुरत नाही. त्याच रोहित्राचे मागचे आकडे एकाच तापमानावर आणून शेजारी मांडले, की घसरण दिसते.

घसरणीचं मुख्य कारण ओल. लोड उतरला की तेल आकसतं आणि टाकी ब्रीदरमधून हवा ओढते. तिथली निळी सिलिका जेल गुलाबी झालेली असेल, तर पावसाळ्यातली दमट हवा अडवायला कोणी उरत नाही. शेतीपंपांची डीपी पावसाळ्यात बरीचशी मोकळी असते, गरम होत नाही, ओल मात्र पीत राहते. रब्बीला सगळे पंप एकदम सुरू होतात आणि डीपी जळते. शेतकऱ्याचं ओलित ऐन गरजेला थांबतं. म्हणून माझ्या मते शेतीच्या डीपीचं मेगर पावसाळा संपताच, रब्बीचा लोड येण्याआधी व्हायला हवं. आकडा खाली असेल तर तेल गाळून, तापवून कागद वाळवता येतो.

मेगर चांगला आला म्हणजे रोहित्र निर्दोष, असंही नाही. एकाच कॉइलचे दोन वेढे आपसात चिकटले असतील तर हे मापन ते पकडू शकत नाही. टाकीशी रोध शाबूतच दिसतो. त्यासाठी टर्न रेशो बघावा लागतो. तो पुढच्या भागात.